उजव्या कानातला मृदंग

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. इथे अनुभवी लोक लिहितात. असल्या गोष्टींवर माझा विश्वासही नव्हता... अजून आहे की नाही, सांगता येत नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे, राहतो संत तुकाराम नगरला. वडील, म्हणजे अण्णा, चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या दणदणत्या मशीनवर आहेत. त्या आवाजात त्यांचा उजवा कान गेला. गावच्या भजनात ते टाळ धरायचे, पण ताल चुकायला लागला तसं जाणं सोडलं. काका तिथे मृदंग वाजवतात. त्यांनी भजनाचं रेकॉर्डिंग पाठवलं, तर त्यात गाणं डाव्या बाजूला, मृदंग सगळा उजव्या. अण्णांना हेडफोनमध्ये मृदंग ऐकूच येईना.

म्हटलं, कोड लिहितो. स्टिरिओ फाइलमध्ये आवाजाचे आकडे डावा, उजवा, डावा, उजवा असे आलटूनपालटून असतात — कंपनीच्या गेटवर दोन रांगांतून एकेक माणूस आत सोडतात तसे. दोन्ही मिसळून डावीकडे टाकायचे, उजवीकडे शून्य. पहिल्यांदा जोडीऐवजी एकेक आकडा धरत गेलो आणि सगळी घरघर झाली.

"काकाला सर्दी झाली का रं?" अण्णा म्हणाले.

चूक दुरुस्त करून पुन्हा ऐकवलं. अण्णा एकदम ताठ बसले.

"वाजायलंय की! उजव्या कानात."

"डाव्या म्हणायचंय तुम्हाला."

"मला माझे कान कळंनात व्हय?"

फाइल उघडून पाहिली. उजवीकडे शून्यच. हेडफोन उलटा घातला, दुसरा आणला... तरी "उजव्यातच". चिडून मी काकांकडून नवीन भजन मागवलं, अण्णांनी न ऐकलेलं. त्याचे दोन्हीकडचे सगळे आकडे शून्य केले आणि ती मुकी फाइल त्यांच्या हेडफोनला लावली. मूळ फाइल त्याच क्षणी मी माझ्या इअरफोनमध्ये सुरू केली.

अण्णांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. माझ्या कानातल्या मृदंगाबरोबर, तंतोतंत. मध्येच काकांनी वाजवणं थांबवलं; गाणं मात्र चालूच होतं. अण्णांची बोटंही थांबली.

"पुडी उतरली वाटतं," ते म्हणाले. म्हणजे मृदंगाचं कातडं सैल पडून सूर उतरला.

काकांना फोन केला. "व्हय, उतरली होती. तुला कुणी सांगितलं?"

मी कोड पुन्हा पुन्हा तपासला. मित्राला दाखवला. तो म्हणाला, "भावा, शून्याला आवाज नसतो. झोप जरा." मला तरी दुसरं काय माहीत होतं! डोकं फिरायची वेळ आली. आणि अण्णा? ते इतके खूश की आईला म्हणाले, "कान यायलाय माझा. औंदा भजनाला बसतो." काकांनाही तसं कळवून टाकलं. मीच हट्ट धरला, की आधी तपासणी करा.

तपासणीला आई सोबत गेली. मी प्रॅक्टिकलला होतो, माझा फोन लागत नव्हता. आजही मला या प्रकाराचा उलगडा झालेला नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, हसलात तरी चालेल.

संध्याकाळी आईचा फोन आला. उजव्या कानाची नस पार गेलीय, यंत्र लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि अण्णांनी दवाखान्याच्या पायरीवरूनच काकांना सांगितलं — भजनात माझी जागा धरू नका.