एक जूनची कॅसेट

भिगवण स्टँडवरच्या त्या चहावाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदीच्या दशकात माझी नोकरी बारामतीला होती. एसटी लागेपर्यंत त्याच्याकडे चहा घ्यायचा, एवढीच ओळख. त्याच्या कॅलेंडरवर सिनेमातल्या गायकांचे, संगीतकारांचे वाढदिवस लाल पेन्सिलीनं लिहिलेले असत. त्या दिवशी त्या माणसाचीच गाणी. कॅसेट सदऱ्याला पुसून तो टेपमध्ये घालायचा आणि पहिलं कडवं संपेपर्यंत कुणालाही चहा द्यायचा नाही. गिऱ्हाईकं वैतागायची. मीही.

एका एक जूनला मात्र टेपवर अनोळखी आवाज होते. पेटी, ढोलकी, मागे बायका, मधेच कुत्र्याचं भुंकणं.

"आज कोणाचा वाढदिवस?"

"आमच्या वरकुट्याच्या गायनपार्टीचा. जयंतीला मीच भरली ही कॅसेट. मागं म्हणती ती माझी आई."

"सगळ्यांचा एकाच दिवशी?"

"शाळेत घालताना मास्तरनं समद्यांचा एक जूनच लावला. आईला शाळाच न्हाय, म्हून तिचा मी लावला. खरी तारीख कुणाला ठावं? पण तारीख न्हाय म्हून गाणं लावायचंच न्हाय व्हय?"

"माझाही दाखल्यावर एक जूनच आहे," मी म्हणालो. आमच्या घरी तो कधी कुणी केला नव्हता.

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि बाकडं फडक्यानं पुसलं. "मग बसा की."

समोर एसटी लागली होती, तरी मी बसलो. कडवं अजून चालूच होतं, आणि त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला.