वाळवीवाल्याच्या घरची वाळवी

काही धंद्यांत किस्से आठवावे लागतात. आमच्यात ते रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर आपोआप जमतात. मी आणि माझा पार्टनर संदेश वाळवीची ट्रीटमेंट करतो. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, जिथून फोन येईल तिथे. ड्रिल मशीन, पंप, औषधाचा कॅन आणि एक स्कूटर, एवढाच आमचा संसार. वाळवी नुसतं लाकूड खाते हो, गिऱ्हाईक डोकं खातं.

आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते संदेशच्याच घराने. त्याच्या घरात वाळवी शिरली होती आणि त्याची आई औषध मारू देत नव्हती. त्याकडे येतोच, पण आधी बाकीच्यांचं ऐका.

* * *

मांजर्लीत एका तळमजल्यावरच्या घरी गेलो. तिथल्या भिंतींना ओल कायमचीच, त्यामुळे वाळवीची चंगळ. वहिनी म्हणाल्या, "तसं काही नाही हो, एकदा बघून जा फक्त." बघतो तर टीव्हीच्या खाली, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीला घड्याळ.

"वहिनी, घड्याळ इतकं खाली?"

"नातू लहान आहे ना. त्याला वेळ कळायला नको का?"

नातू पाळण्यात अंगठा चोखत पडला होता. मी घड्याळ उचललं तर मागे मातीची ही जाड रेघ. वहिनींनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे कधी झालं?"

* * *

उल्हासनगरला एक प्लायवूडवाले शेठ आहेत, स्वभावाने एकदम दिलदार. आमच्यासमोर ते एका गिऱ्हाइकाला छातीठोक सांगत होते, "साईं, इसमें दीमक लगेगी ही नहीं. लाइफटाइम गॅरंटी." गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मग शेठने आम्हाला आत नेलं आणि हळूच म्हणाले, गोडाऊनला औषध मारायचंय.

संदेशचं लक्ष त्यांच्या टेबलाकडे गेलं. टेबल लोखंडाचं, खुर्ची लोखंडाची, कपाटही लोखंडाचं.

"शेठ, आपल्याच प्लायचं टेबल का नाही केलं?"

"अरे बेटा," शेठ म्हणाले, "मला कोण गॅरंटी देणार?"

* * *

कुळगावात एक काका भेटले. आम्ही भिंत आणि लादी जिथे मिळते तिथे फुटाफुटावर बारीक भोकं पाडतो, त्यातून औषध सोडतो आणि वर व्हाइट सिमेंट भरतो. काका म्हणाले, "सगळीकडे पाडा, पण ईशान्य कोपऱ्याला हात लावायचा नाही. तिथे देवघर आहे."

"काका, वाळवी तिथूनच चढतेय."

"तिला शास्त्र माहीत नाही. तुम्हाला तरी असावं."

तासभर आम्ही वाद घातला. तेवढ्यात काकू पदर खोचून आल्या, एकेक देव ताम्हनात घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. "घ्या, पाडा भोकं," त्या म्हणाल्या. "मी देवांना विचारलंय. ते म्हणाले, यांचं ऐकत बसू नका." काका गुपचूप पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

* * *

आता संदेशचं घर. अंबरनाथला, बैठं. त्याचे वडील फॅक्टरीत कामाला होते. पगार झाला की एक पुस्तक घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी स्वतः रंधा मारून त्यांनी भिंतीतलं कपाट केलं आणि वरपर्यंत पुस्तकांनी भरलं. मावशीला, म्हणजे संदेशच्या आईला, लग्नानंतर त्यांनी याच पुस्तकांवर वाचायला शिकवलं. ते गेल्यापासून मावशी रोज त्या कपाटावरून फडकं फिरवते.

वाळवी आधी दाराच्या चौकटीला लागली आणि तिथून कपाटाकडे निघाली. संदेश म्हणाला, "आई, एका दिवसाचं काम आहे."

मावशी म्हणाली, "मी रोज सकाळी पंचशील घेते. जीव मारणार नाही, हे पहिलंच शील. सकाळी म्हणायचं आणि दुपारी तुझा पंप चालवायचा?"

मी संदेशला सुचवलं, मावशी विहारात गेली की उरकून टाकू. तो म्हणाला, "वासाने कळेल तिला. आणि नाही कळलं तरी रात्री जेवताना मला तिच्याच समोर बसायचंय." मी तो विषय सोडला.

* * *

एकदा एक गिऱ्हाईक ॲडव्हान्स द्यायला संदेशच्या घरीच आलं. उभ्या उभ्या बोलताना साहेब सवयीने चौकटीला रेलले आणि कोपर आत गेलं. भुसा झाडत त्यांनी विचारलं, "वाळवीवाले तुम्हीच ना?"

संदेश म्हणाला, "डेमो पीस आहे, साहेब. ट्रीटमेंट न केल्यास काय होतं ते दाखवायला."

ते काम आम्हाला मिळालं, पण त्या दिवशी संदेश हसला नाही.

* * *

मावशी हातावर हात ठेवून बसली नव्हती. कडुनिंबाचा पाला झाला, कापूर झाला, पुस्तकांना ऊन दाखवून झालं. मग विहारातल्या कोणीतरी सांगितलं, त्यांना दुसरीकडे खायला द्या, आपोआप जातील. मावशीने पुठ्ठ्याचे खोके भिजवून मागच्या अंगणात मांडले. आठवड्याने आम्हाला बोलावलं, "बघा, आले की नाही?"

"आई, हे अंगणातलेच आहेत, नवीन," संदेश म्हणाला. "घरातले घरातच आहेत."

मावशी जरा विचारात पडली. "मग आता यांना उपाशी कसं पाठवू?"

आम्ही दिवसभर लोकांकडे वाळवी मारायचो आणि संध्याकाळी ह्याच्या अंगणात तिची पंगत बसलेली बघायचो.

* * *

मग एका दुपारी मावशीने खालच्या रांगेतलं एक पुस्तक काढलं. पुठ्ठा जसाच्या तसा होता. उघडलं तर आत नुसती माती. ती तशीच खाली बसली आणि त्या मातीवरून हात फिरवत राहिली. मला फार वाईट वाटलं. संदेशचं तोंड तर बघवत नव्हतं.

"वरच्या रांगा आहेत अजून?" तिने विचारलं.

"आहेत. पण थांबलो तर राहणार नाहीत."

"उद्या सकाळी या," मावशी म्हणाली. "वंदना झाल्यावर."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ती पांढरं लुगडं नेसून बुद्धमूर्तीसमोर बसली होती. मेणबत्ती लावलेली, अगरबत्ती लावलेली. ड्रिल मशीन मांडीशी ठेवून आम्ही मागे बसलो. तिने हात जोडले, त्रिसरण म्हटलं आणि पंचशील सुरू केलं ते थेट दुसऱ्या शीलापासून. चोरी करणार नाही, इथून. शांतपणे पाचव्यापर्यंत गेली आणि वाकून नमस्कार केला.

संदेश हळूच म्हणाला, "आई, पहिलं राहिलं."

"राहिलं नाही, सोडलं," मावशी उठता उठता म्हणाली. "तुम्ही मागे मशीन घेऊन बसलेले. पहिलं म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, म्हणजे चौथंही मोडलं असतं. आज एकच मोडू दे. लाव मशीन."