परवानेवाला गाडीत पाहिजे

त्या दिवशी सकाळी धुई पडली होती. दहा हातांवरचं माणूस दिसंना. तुरी फुलोऱ्यात, आणि धुईनं फूल गळतं, त्यामुळं जीव आधीच खाली-वर होत होता. त्यात मी ठाण्याला निघालो होतो. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. माझी एकनळी बंदूक तशीच जमा केलेली. निवडणूक उरकली, गुलाल धुतला गेला, बाकीच्यांची हत्यारं घरी आली, माझीच येईना. इकडं रानडुकरांनी जोंधळा लोळवला. आणखी चार राती गेल्या तर कणीस हाती लागायचं नाही.

बंदूक घरात एकच असते हो. पण तिला गाडीत घालून बाहेर काढली की एकेका फेरीला एकेक किस्सा चिकटतो. माझी नात लिहून घेते म्हणून हे कागदावर तरी येतंय.

लिंबागणेशकडच्या आमच्या गावात परवाने तीन. माझा, धोंडिबा धनगराचा, आणि भाऊंचा. भाऊ म्हणजे आमचे पुढारी. त्यांचं पिस्तूल, आमच्या साध्या बंदुका. परवाना मिळाला तेव्हा ठाण्यातल्या हवालदारांनी माझी तीन बोटं धरून शिकवलं होतं, कारण मला वाचता येत नाही.

"हे बोट, बंदूक रिकामी अन् कव्हरात. हे बोट, काडतुसं वेगळ्या पिशवीत. अन् हे बोट, परवानेवाला स्वतः गाडीत, परवाना खिशात! तुमी न्हाई तर गाडीत बंदूक बी न्हाई. मग पोरगा असो का जावई!"

आता बंदूक जमा करायला निघालो, त्या दिवशीचंच बघा. जीप माझा मुलगा बाळू चालवत होता. नाक्यावर पोलिसानं हात केला.

"मागं लांबडं काय हाय?"

"बंदूक," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, बाळूकडं बघितलं, जीपला एक चक्कर मारली. कव्हर उघडलं, नळीत डोळा घातला, पिशवीतली काडतुसं बघितली, परवाना उजेडात धरला. सगळं बरोबर! तरी सोडीना. अर्धा तास झाला.

"साहेब, चुकलं काय आमचं?"

"चुकलं काहीच न्हाई, तेच खटकतंय! ज्याच्याकडं असतं तो न्हाई म्हणतो. तुमी विचारल्याबरोबर हाय कावून म्हणलात?"

धोंडिबाचा किस्सा निराळा. मेंढरं पिकअपमध्ये घालून तो आष्टीच्या पुढं नगरकडं निघाला. मांडीवर घोंगडीत बंदूक. जिल्ह्याची हद्द आली आणि त्याला आठवलं, परवाना बीड जिल्ह्यापुरताच! बंदूक घेऊन पुढं जावं तर गुन्हा, कुणाच्या हाती द्यावी तरी गुन्हा, टाकून जावं तर त्याहून मोठा गुन्हा. शेवटी त्यानं पिकअप बायकोबरोबर पुढं पाठवली आणि स्वतः हद्दीच्या दगडाला टेकून बसला. मेंढरं नगर जिल्ह्यात, मेंढपाळ बीड जिल्ह्यात!

गावाकडून भाऊ येऊन त्याला आणीपर्यंत तिथं पोलिसांची गाडी थांबलीच. बंदूक घेऊन म्हातारा दगडाशी बसलाय म्हटल्यावर थांबणारच की!

"कुणावर नेम धरून बसलाय बे?"

"कुणावर न्हाई साहेब. भाकरीची वाट बघतोय. बायको पलीकडं हाय."

भाऊंची तर गोष्टच वेगळी. त्यांची पांढरी गाडी लग्नसराईत नवरदेवाला जायची. एकदा गाडी दिली, पण पुढच्या कप्प्यातलं पिस्तूल काढायचं राहिलं. मांडवापाशी नवरीच्या मामानं रुमाल शोधायला कप्पा उघडला, आणि वाजंत्री बंद! मामा म्हणाला, "पोरगं असलं निघालं व्हय? आमाला पोरगी द्यायची न्हाई!" कुणीतरी तेवढ्यात पोलिसांना फोनही लावला.

भाऊ घामाघूम. माझं म्हणावं तर परवाना जातो, कारण गाडीत ते नव्हते. माझं नाही म्हणावं तर नवरदेव हळदीच्या अंगानं आत जातो. फौजदारांनी विचारलं, "हे कुणाचं?"

"माझंच साहेब. अन् मी गाडीतच होतो की!"

"नवरदेव पुढं, करवल्या मागं. तुमी कुठं होता?"

भाऊंनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "डिकीत!"

हसू नका, माझ्याकडूनही चुकलंय. खंडेनवमीला आम्ही जीपची आणि बंदुकीची पूजा एकत्रच करतो. बंदूक मागच्या सीटवर ठेवायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. दसऱ्याच्या सकाळी उठून बघतो तर अंगणात जीप नाही! बाळू झेंडू विकायला वडवणीच्या बाजाराला गेलता.

मी परवाना खिशात घातला आणि एसटी गाठली. रस्ताभर मी माझं तिसरं बोट मुठीत धरून बसलो होतो. बाजाराच्या तोंडाशीच जीप अडवलेली. फुलांच्या ढिगातून नळी बाहेर आलेली आणि तिला माळ!

मी हात जोडले. "साहेब, पूजेतलं हत्यार हलवायचं नसतं, म्हणून पोरानं हात लावला न्हाई."

साहेब म्हणाले, "बंदूक हलवायची न्हाई, अन् जीप पन्नास किलोमीटर हलवली ती?"

माझा अंगठा घेऊन, समज देऊन सोडलं. त्या दिवसापासून मी जीपची मागची सीट रोज बघतो. बंदूक कधी तिथं दिसली नाही. ती आपली खुंटीला असते. एक-दोनदा कव्हराची गाठ मला उलटी वाटली, पण म्हातारपणी गाठ कुणी कशी मारली ते कुठं ध्यानात राहतं!

तर त्या धुईच्या दिवशी ठाण्यात हवालदारांनी एक कागद काढला. बिननावाचा अर्ज. त्यांनीच वाचून दाखवला. "बंदूक म्हाताऱ्याच्या नावावर, अन् हिंडती पोराच्या जीपमधी. म्हातारा घरी झोपलेला असतो."

आधी वाटलं धोंडिबा असंल. मग वाटलं भाऊच, दुसरं कोण!

"खोटं हाय साहेब," मी म्हणालो.

"मग शेजाऱ्याला घेऊन या. ज्याचा बांध तुमच्या बांधाला लागून हाय, त्यानं जबाब देऊ द्या, की बंदूक तुमच्याबिगर कधी गाडीत दिसली न्हाई. आजच्या आज परत देतो. न्हाईतर परवाना रद्द करायला वर पाठवावा लागंल."

शेजारी म्हणजे रघू. बांध कोरण्यावरून त्याची आणि बाळूची दोन वर्षं धुसफूस आहे, पण मला तो बापाच्या जागी मानतो. मी ठाण्यातून थेट त्याच्या शेतात गेलो. तो म्हशीला पेंड घालत होता. मला बघून त्यानं बाजेवर घोंगडी अंथरली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, अर्जाचंही. तो मान खाली घालून पेंड कालवत राहिला.

"येतो का मग ठाण्याला? दोन शब्दांचं काम हाय."

रघूनं हात धुतले, माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला,

"आप्पा, तुमच्यासाठी कुठं बी येतो. पर बंदूक जमा झाल्यापासून बाळू मला रोज रामराम घालतोय. आणखी थोडे दिवस राहू द्या की तिथंच."