असा माणूस इथं राहत नाही

इतरांच्या चुका छापण्यात माझी उभी हयात गेली. आज स्वतःची एक सांगतो. हसू आलं तर हसा, फक्त चहा तोंडात असताना नको.

सुरुवात गवतापासून. धाराशिवात, नळाला पाणी कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही अशा आमच्या गल्लीत, माझ्या घरापुढं हिरवंगार लॉन आहे. अर्थात प्लॅस्टिकचं. वडील, म्हणजे आमचे आबा, बेंबळीचं शेत सोडून माझ्याकडं राहायला आले तेव्हा त्यांच्या पायांना फरशी सोसेना. जन्मभर मातीत अनवाणी चाललेला माणूस. म्हणून अंगणात हे गवत टाकून घेतलं. आबांनी वाकून ते चाचपलं आणि म्हणाले, "म्हैस तोंड लावायची न्हाय, पर पायाला बरं हाय." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात गवताच्या दोन पट्ट्यांमधला जोड उकलला आणि कडा वर आली. आबांचा अंगठा तिच्यात अडकला. भिंत हाताशी होती म्हणून वाचले. त्या दिवसापासून ते उंबऱ्याबाहेर येईनात. दारात खुर्ची टाकून नुसते अंगणाकडं बघत बसायचे. चालता माणूस बसला की किती झपाट्यानं म्हातारा होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

गवतवाला सोलापूरचा. तो म्हणाला, नुसतं चिकटवून भागणार नाही. खालची खडी खचलीय, ती सारखी करून पट्टा नवा टाकावा लागेल. खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा त्यानंच सुचवलं, फायनान्स कंपनीकडून करून घ्या, महिन्याच्या हप्त्यांवर. मी अर्ज केला. नामंजूर. पुन्हा केला. पुन्हा नामंजूर.

माझं डोकं फिरलं. पत्रकाराला कर्ज द्यायला या कंपन्या कचरतात, हे ऐकून होतो. म्हणजे हा सरळ सरळ लेखणीवर उगवलेला सूड! एका बैठकीत जळजळीत लेख लिहिला, 'सत्य बोलणाऱ्याला हप्ताही नाही'. माझी बायको सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं लेख वाचला आणि आधी जाऊन विचारून तर या, एवढंच म्हणाली. विचारून? मी जाब विचारायला गेलो.

मॅनेजर बाई तरुण होत्या. मी लोकशाहीपासून सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पत्त्यांची खातरजमा करणाऱ्या माणसाला आत बोलावलं. येडशीचा आडदांड गडी, हातात हेल्मेट, उन्हानं रापलेला.

"साहेब, मी दोन्ही वेळेला येऊन गेलो," तो म्हणाला. "गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान हाय, तिथं विचारलं. त्या बाई म्हणल्या, असा माणूस इथं राहतच न्हाय. शेजारचा न्हावी पण तेच म्हणला."

मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि हळूहळू पीत राहिलो. कारण हे वाक्य गल्लीला मीच शिकवलं होतं.

काही वर्षांपूर्वी टँकरच्या ठेक्यावर एक बातमी केली, तेव्हा फोनवर दमदाटी झाली होती. मी गल्लीची सभाच भरवली. अनोळखी माणूस माझी चौकशी करत आला तर काय सांगायचं? असा माणूस इथं राहत नाही. दुकानवाल्या महादेवी अक्कांनी तर ते माझ्यासमोर म्हणूनही दाखवलं होतं.

हे मॅनेजर बाईंना कुठल्या तोंडानं सांगणार? "यांना माझ्यासोबत पाठवा, समोरासमोर ओळख पटवून देतो," म्हणालो आणि त्या गड्याच्याच मोटारसायकलवर मागं बसलो.

आता अक्कांना काय दिसलं असेल, तुम्हीच सांगा. हेल्मेट घातलेला धिप्पाड माणूस, आणि त्याच्यामागं घामाघूम झालेला मी.

"अक्का, मी कोण आहे ते यांना सांगा."

अक्कांनी मला एकवार न्याहाळलं, घाबरू नका म्हणून डोळ्यानं खूण केली आणि त्याला म्हणाल्या, "ह्यांना मी आजच बघायलेय."

"अहो, खरं सांगा. काही धोका नाही."

"बघा, बिचारा कुणाच्या तरी धाकानं बोलायलाय," अक्का न्हाव्याला म्हणाल्या. न्हाव्यानं मान हलवली.

म्हटलं, बाप तरी ओळखेल. घरी आलो. आबा दारातच बसले होते. मी विचारलं, "आबा, मी तुमचा कोण?"

आबांनी आधी हेल्मेटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माझं पोरगं पुण्याला असतंय," ते म्हणाले. "तू कोन?"

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण पोराला सोडवायला आबा काठी उगारून उठले, कित्येक दिवसांनी गवतावर उतरले, आणि त्याच कडेत त्यांचा पाय अडकला. मी जागच्या जागी गोठलो. येडशीच्या गड्यानं मात्र झेप घेऊन त्यांना वरच्यावर धरलं.

त्यानं आबांना खुर्चीवर बसवलं, काठी हातात दिली. मग त्या वर आलेल्या कडेकडं बघत मला म्हणाला, "तुम्ही कोण ते राहू द्या, साहेब. या घरात दुसरं कुणी नोकरीला हाय का?"

सुनंदाच्या नावानं अर्ज गेला. "शाळेतल्या बाईंना कोण ओळखत नाही?" असं सगळी गल्ली म्हणाली. अक्का सगळ्यांत आधी. कर्ज मंजूर झालं. हमीदार म्हणून मी माझं नाव पुढं केलं, तर मॅनेजर बाई घाईनं म्हणाल्या, नको, नको, गरज नाही.

कारागिरांनी खडी सारखी केली, नवा पट्टा बसवला, जोड हाताला लागेनासा झाला. संध्याकाळी आबा बाहेर आले. पहिली फेरी भिंत धरून, दुसरी हात सोडून. मी शेजारून चालत होतो. या माणसांनी इतकी वर्षं माझ्यासाठी खोटं बोलून मला जपलं, हाच विचार मनात घोळत होता.

"आबा," मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून आजवर किती जणांना असं परत पाठवलं असेल?"

"लई. पत्रिका द्यायला आलेले, गाऱ्हाणं छापा म्हणून आलेले. एकाला तुझा सत्कार करायचा व्हता."

"आणि मला मारायला आलेले?"

आबा थांबले. खरोखर विचारात पडले.

"तसा कोन आला न्हाय बा," ते म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. "हाणायला यावं असं काय लिवलंस तू?"