खिचडी दुसऱ्यांदा मागितली म्हणून

आज मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. आमच्या वाडीतल्या शाळेत, माझ्या डोळ्यांदेखत.

मुलांना वाढण्याआधी गावातल्या कुणीतरी खिचडी चाखायची आणि चवीच्या वहीत शेरा लिहायचा, अशी पद्धत आहे. आज माझी पाळी होती. चाखली, मुलं जेवायला बसली.

दुसरीतली एक मुलगी पुन्हा रांगेत आली. शाळा समितीच्या अध्यक्षांनी स्वयंपाकीणबाईंच्या हातातला डाव हिसकावला.

"घरी घालीत नाहीत काय गो खायला?"

"नाय," ती म्हणाली. "बाबाची बोट वर काढलीय किनाऱ्यावर."

पावसाळी मासेमारीबंदीत खलाशाच्या घरी काय शिजतं, हे या माणसाला ठाऊक नाही? त्याने गरम डाव तिच्या मनगटावर हाणला. ताट उडालं. मग वेणी धरून तिला जमिनीपर्यंत वाकवलं. "उचल आणि खा! उद्यापासून तुझं ताट बंद!"

मी त्याचा हात पिरगळून डाव काढून घेतला. तर हा मला म्हणतो, "बाई, तुम्ही फक्त चव बघा."

मंडळी, कॉन्व्हेंटमध्ये नन्सच्या पट्ट्या मीही खाल्ल्यात. पण जेवणाऱ्या मुलीवर त्यांनीही कधी हात उचलला नाही. इथे दोन शिक्षक भिंतीकडे बघत उभे होते. तुम्ही असतात तर कुठे बघितलं असतंत?

चवीच्या वहीत मी हे सगळं लिहून सही केली आहे.

मुख्याध्यापक, उद्या साडेबाराला पंगत बसण्याआधी मला लेखी उत्तर हवं: ती मुलगी पोटभर जेवेल, आणि हा माणूस तिच्या ताटाजवळ दिसणार नाही.