पळत्या मामाची शर्यत

माझ्या साखरपुड्याला मामा पळत आला. घाईघाईनं आला असं म्हणत नाही मी, खरोखरच पळत आला. पालीच्या पलीकडं डोंगरात त्याचं गाव. तिथून बीडपर्यंत अर्ध्या चड्डीवर, पाठीला गाठोडं बांधून, आणि गाठोड्यात इस्त्रीचे शर्ट-पँट. गेवराईची पाहुणेमंडळी मांडवात चहा घेत होती आणि हा गडी घामानं निथळत, उघड्या पिंढऱ्यांनी त्यांच्या समोरून मोरीकडं निघाला. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी बशी खाली ठेवून विचारलं, "हे कोण?" आई जराही न अडखळता म्हणाली, "डेअरीतला माणूस हाय. दूध द्यायला आलाय." सख्खा भाऊ हो! मी जी मान खाली घातली ती फोटोवाला ओरडेपर्यंत वर केली नाही. थोड्या वेळानं मामा कपडे बदलून आला आणि त्याच सासऱ्यांना खेटून बसत म्हणाला, "मी पोरीचा मामा. सडकेनं लई गर्दी हाय, डोंगरातून बरं पडतं."

डेअरीतला माणूस तर तो होताच. गावातल्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. सकाळी दूध मोजून घ्यायचं, दुधाचं फॅट तपासायचं, कॅन टेम्पोत चढवायचे आणि टेम्पो वळणाआड गेला की चड्डी घालून डोंगर धरायचा. तरुणपणी पोलीस भरतीला गेला होता. पळण्यात पहिला आला, पण छाती कमी भरली म्हणून घरी पाठवलं. तेव्हापासून जो पळत सुटला तो थांबलाच नाही. गावातले मित्र पारावरून ओरडायचे, "मागं कोण लागलंय बे?" मामा न थांबता सांगायचा, "कोणी न्हाई. म्हणून तर मजा हाय!"

मी माहेरी आले की दोन दिवस त्याच्याकडं जायची. मग मलाही ओढून न्यायचा, पंजाबी ड्रेसवर, पायात पांढरे बूट. आधी लाजेनं जीव जायचा, पुढं गोडी लागली. त्याचा एक नियम होता. "चढावर बोलता आलं पायजे. बोलणं बंद झालं की समज, जोर जास्त लावायलीस." त्यामुळं सगळा घाट तो बडबडत चढायचा. कुणाची म्हैस आटली, कोण दुधात पाणी घालतं आणि वर त्यालाच दम देतं, सगळं. "आणि उतारावर?" मी विचारलं. "उतारावर गप ऱ्हा. उतारावर बोलणारा तोंडावर पडतो."

मग पावसानं पाठ फिरवली, एकदा नाही, लागोपाठ. बिंदुसरेचं धरण तळाला गेलं, गुरं छावणीत गेली, दूध निम्म्यावर आलं. मामी म्हणायची, "कावून पळता बरं? आंगोळीला बादली कुठून आणू?" मामा ओल्या फडक्यानं अंग पुसून डेअरीत बसायला लागला, पण पळणं सोडलं नाही. मामी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावायची.

त्याच वर्षी तो कुणाच्या तरी लग्नाला साताऱ्याकडं गेला आणि तिथं डोंगरातली शर्यत बघून आला. आल्यावर त्याला झोप येईना. "पैसे भरून पळत्यात गं माणसं! डॉक्टर, इंजिनेर, बायासुद्धा! अर्ध्या चड्डीवर! अन् कोणी हसत न्हाई." आयुष्यभर ज्यापायी लोक हसले तेच आपल्या बालाघाटात मानानं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं. लोक म्हणाले, दुष्काळात हे काय खूळ? मामा म्हणाला, "दुष्काळ हाय म्हणून माणसानं हसायचं बी न्हाई का? चार पाव्हणे येतील, गावात खातील, पितील." तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्ष तयार झाले. फलकावर स्वतःचा फोटो डोंगराएवढा लावला, पण तयार झाले.

सरावाला मी होते. वरच्या वस्तीकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर इतका फुफाटा उडायचा की पुढच्याची पाठ दिसत नसे. मामाला बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची काळजी. त्यानं अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, बाकी काही नको, तेवढा फुफाटा बसवा." अध्यक्षांनी तिथल्या तिथं फोन लावला. "उद्या टँकर मारून घेतो." मामा खूश झाला. कुठला टँकर, हे त्यानं विचारलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडं असा कुठला टँकर रिकामा उभा होता? तान्ह्या पोरालासुद्धा माहीत होतं की टँकर आला म्हणजे तो कुणाच्या तरी वाट्याचा असतो. डेअरीच्या सचिवाला सुचू नये?

शर्यतीच्या सकाळी माझं काम वस्तीच्या वळणावर पळणाऱ्यांना पाणी आणि केळी देण्याचं होतं. रस्ता छान ओला, दाबून बसलेला. आणि त्याच्या कडेला वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी मांडून बसलेल्या. आदल्या दिवशीपासून टँकरची वाट बघत होत्या. तो आला, त्यांच्या डोळ्यांदेखत मागचा नळ सोडून सडकेवर पाणी शिंपत गेला आणि तसाच परत गेला. त्यांच्या शेळ्या रस्त्यावरचा ओला मुरूम चाटत होत्या. मी पेले भरून देत होते. रंगीत कपड्यांतली माणसं एक घोट प्यायची, उरलेलं डोक्यावर ओतायची आणि "थँक्यू" म्हणून पुढं जायची. बाया बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उरलेला जार त्यांच्याकडं सरकवला, तर एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, पाव्हण्यांना लागंल. पळायलेत ते."

तेवढ्यात मामा आला, हसत, सगळ्यांना टाळ्या देत. म्हातारीनं त्याला हटकलं. तिचं नाव गयाबाई. तिच्या म्हशीचं दूध रोज याच्याच डेअरीत यायचं. "सचिव, आमचा टँकर तुमीच मागितलाव का?" आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. मामानं ओला रस्ता पाहिला, घागरी पाहिल्या, शेळ्या पाहिल्या. "मी... फुफाटा बसवा म्हणलो होतो," एवढं बोलला आणि तिथंच वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. खाली माईकवरून अध्यक्ष त्याचं नाव पुकारत होते. सत्काराची शाल तशीच राहिली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. अध्यक्षांनी स्वतःहून निरोप धाडला, यंदा दणक्यात करू. मामानं कळवलं, "माझ्याच्यानं व्हणार न्हाई." पळत राहिला, अगदी गेला त्या वर्षापर्यंत, पण एकटा आणि दुसऱ्याच डोंगराला. लोकांना वाटलं, शर्यत नीट जमली नाही म्हणून रुसला. ते तसं नव्हतं. शर्यतीच्याच दिवशी दुपारी पाहुणे जेवत असताना तो मला म्हणाला, "चल, वस्तीवर जाऊन येऊ." मी त्याच्याबरोबर गेले.

ऊन मी म्हणत होतं. मामा पूर्ण पँट घालून, चालत आला. वाटेत एक शब्द बोलला नाही. गयाबाईच्या दारात उभा राहिला, घसा खाकरला, हात वर नेले. तोवर ती म्हणाली, "आधी टेका. लई उन्हातनं आलाव." आणि आत गेली. आतून रांजणाच्या तळाला भांडं खरवडल्याचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा. मामानं डोळे मिटून घेतले.

ती तांब्या घेऊन बाहेर आली. मामा मागं सरकला. "नको मावशी. नको. तहान न्हाई मला." गयाबाई तशीच उभी राहिली. तिचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरचं पाणी चालत न्हाई का तुमाला?"

मामानं पुढं होऊन तांब्या घेतला. माफी मागायला, हात जोडायला आला होता तो, आणि दोन्ही हातांत तिचा तांब्या. निम्मा पिऊन ठेवणंही शोभलं नसतं. वस्तीतल्या बाया बघत होत्या. मामा शेवटच्या थेंबापर्यंत ते पाणी प्याला.

"अजून देऊ का?" गयाबाईनं विचारलं.