बागेत गेलो, पण स्वच्छतागृहाला कुलूप

मैत्रिणींनो, आज रविवार म्हणून लेकरांना घेऊन हिंगोलीतल्या एका बागेत गेलो होतो. आत्ताच घरी आलेय अन् डोकं अजून तापलेलंच आहे.

घसरगुंडी खेळता खेळता माझी चार वर्षांची परी पळत आली. "मम्मी, सू आली." तिला उचलून स्वच्छतागृहाकडे धावले, तर दाराला कुलूप!

वॉचमनकाका म्हणाले, "किल्ली साहेबाकडं असते, ताई. लहान लेकरू हाय, न्या की झाडामागं."

झाडामागं पोरांचं टोळकं मोबाईलवर व्हिडिओ काढत बसलेलं. परी माझ्या गळ्याला बिलगली. "तिथं न्हाई, सगळे बघतेत."

आमचे हे बाकावरूनच म्हणाले, "काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली? लहान हाय ती."

"लहान हाय, पण लाज कळते तिला," मी ओरडलेच.

समोरच्या हॉटेलात न्यावं म्हणून निघाले, पण गेटपर्यंतही पोचलो नाही. फ्रॉक, चप्पल सगळं भिजलं. रडत रडत म्हणाली, "मम्मी, मी लई धरून ठेवली होती गं."

तिची काय चूक होती?

खरं सांगा, तुम्ही बाहेर गेल्यावर तुमच्या लेकींना कुठं नेता?